तपकिरी रंगाचा ससेमिरा

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चंबूतले द्रावण तपकिरी होऊ लागले की काम करणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला हवे असतात स्वच्छ, पांढरे, ठरल्या तापमानाला वितळणारे स्फटिक. तपकिरी चिकटा म्हणजे दिवस फुकट गेला. तो धड गाळता येत नाही, त्याचे स्फटिक होत नाहीत, आणि त्याचे सूत्र कोणी विचारले तर सांगणार काय? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर युरोपभरच्या प्रयोगशाळांत असा किती चिकटा मोरीत ओतला गेला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या एका डॉक्टरने मात्र तो ओतला नाही; त्यातून निघणारे बुडबुडे कसले आहेत, ते तो तपासत बसला. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापवली की काय होते, याचा इतिहास म्हणजे या नकोशा रंगाच्या मागे लागलेल्या माणसांचा इतिहास. काहींच्या बाबतीत तर तो रंगच त्यांच्या मागे लागला.

लुई-कामीय मायार हे त्या डॉक्टरचे नाव. आपल्याकडे पुस्तकांत ते इंग्रजी वळणाने ‘मेलार्ड’ असेही छापतात. जन्म ४ फेब्रुवारी १८७८ चा, नान्सीजवळच्या पाँ-आ-मूसों या गावातला. १८७१ च्या पराभवानंतर अल्सास आणि लोरेनचा मोठा तुकडा जर्मनीकडे गेला होता. नान्सी फ्रान्सकडे राहिले, पण सीमेला खेटून. स्ट्रासबुर्गचे फ्रेंच वैद्यक महाविद्यालय १८७२ साली उठून नान्सीतच आले. त्यामुळे या शहरात विज्ञान शिकणाऱ्या पोराला पलीकडचे जर्मन काय करत आहेत, हे बारकाईने पाहण्याची सवय आपोआप लागत असावी. मायारने १९०३ साली वैद्यकातली डॉक्टरकी मिळवली आणि मूत्रपिंड, युरिया, प्रथिने यांच्या रसायनात तो रमला.

त्या वेळी प्रथिनांच्या रसायनावर एकाच माणसाची छाप होती, बर्लिनचा एमिल फिशर. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, हे त्याने दाखवून दिले होते, आणि १९०७ पर्यंत अठरा अमिनो आम्लांची साखळी त्याने प्रयोगशाळेत जोडूनही दाखवली होती. मायारला यात एक गोष्ट खटकत होती. फिशर ज्या जहाल रसायनांनी ही जोडणी करत होता, ती कुठल्याही जिवंत पेशीत असणे शक्य नव्हते. मग सजीव हे काम कशाने करतात? मायारने सौम्य वाट शोधली. ग्लिसरीन शरीरात असतेच, म्हणून त्याने ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल ग्लिसरीनमध्ये तापवून पाहिले, आणि अमिनो आम्ले खरोखर एकमेकांना जुळली. पुढचा विचार सरळ होता. ग्लिसरीनमध्ये जे हायड्रॉक्सिल गट आहेत, ते साखरेत तर जास्तच आहेत. मग ग्लिसरीनच्या जागी साखर घेऊन पाहू.

चंबूत एक भाग ग्लायसिन, चार भाग ग्लुकोज, तीन-चार भाग पाणी. चंबू उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवलेला. दहाएक मिनिटांत बिनरंगी द्रावणावर पिवळसर झाक येते. झाक गडद होत जाते, मग तपकिरी, मग काळपट. आणि तेवढ्यात तळातून बारीक बुडबुडे सुटू लागतात, हळूहळू फेस धरतो. साखळ्याबिळ्या काही नाहीत. हाती तपकिरी चिकटा. फिशरच्या वाटेला पर्याय शोधायला निघालेल्या माणसाने इथे चंबू धुऊन टाकला असता, तर त्यात गैर काही नव्हते. मायारने बुडबुडे पकडले. तो कार्बन डायऑक्साइड निघाला. हवेतल्या ऑक्सिजनने काही जळत असेल, ही शंका त्याने वेगळा प्रयोग करून दूर केली. मग हा कार्बन आला कुठून? त्याच्या हिशेबाने तो अमिनो आम्लाच्या आम्ल टोकातून सुटत होता. म्हणजे साखर इथे नुसती मदतनीस नव्हती. ती अमिनो आम्लाला धरून त्याची मोडतोड करत होती.

मग त्याने निरनिराळ्या साखरा लावून पाहिल्या. झायलोज आणि अरॅबिनोज या पाच कार्बनच्या साखरांनी क्रिया झपाट्याने होई. ग्लुकोज, फ्रुक्टोज त्यांच्या मागे. दुधातली लॅक्टोज आणि मोडाच्या धान्यातली माल्टोज सावकाश. आणि आपण चहात घालतो ती उसाची साखर, सुक्रोज, बराच वेळ ढिम्म. कारण पुढे स्पष्ट झाले. या क्रियेत साखरेचे एक विशिष्ट टोक अमिनो आम्लाच्या नायट्रोजनला जाऊन भिडावे लागते. सुक्रोज ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. दोघांचीही ती टोके एकमेकांत गुंतलेली. ती जोडी फुटेपर्यंत पुढे काही घडत नाही.

१९१२ च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात हे टिपण आले. पाने तीन. साखर नुसती तापवून होणाऱ्या कॅरॅमलहून ही गोष्ट वेगळी आहे आणि तिला नायट्रोजन लागतो, एवढे त्यातून पक्के होत होते. तयार होणाऱ्या काळपट पदार्थांना त्याने ‘मेलॅनॉइडिन’ म्हटले. पण टिपणाचा शेवट वाचताना आजही भुवया उंचावतात. मायार म्हणतो, याचे परिणाम मानवी शरीरक्रिया आणि रोगविज्ञानात दिसतील, वनस्पतींच्या शरीरक्रियेत दिसतील, शेतीत, म्हणजे खत आणि मातीतल्या ह्यूमसच्या बाबतीत दिसतील, आणि भूगर्भातल्या दगडी कोळशापर्यंत पोहोचतील. तीन पानांच्या मानाने घास फारच मोठा. आज त्याचे नाव निघते ते पावाच्या कडेमुळे, भाजलेल्या मांसामुळे, कॉफीमुळे. पण त्याच्या यादीचा रोख स्वयंपाकघराकडे नव्हता. तव्यावरच्या पोळीचे डाग आणि परतलेल्या कांद्याचा रंग त्याच्या या क्रियेतून येतात, हे पुढच्या पिढ्यांनी त्याच्या नावावर चढवलेले श्रेय. त्याचे डोळे शरीर आणि माती यांच्यावर खिळलेले होते. १९१३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचा विषयही तोच: प्रथिनांची आणि ह्यूमसची उत्पत्ती.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. मायार पॅरिसला गेला. १९१९ साली अल्जीअर्सच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि या विषयाकडे फारसा परतला नाही. त्याच्या हयातीत फ्रेंच वैद्यकाने त्याला ओळखले ते मूत्रपिंडाच्या रोगांवरच्या कामासाठी. १२ मे १९३६ रोजी, एका स्पर्धापरीक्षेत परीक्षक म्हणून पॅरिसला आलेला असताना, तो अचानक वारला. आपल्या नावाची क्रिया जगभर शिकवली जाणार आहे, याची त्याला पुसटशीही कल्पना नसणार.

खरे तर अग्रक्रमाचाच हट्ट धरायचा, तर इंग्लंडमधल्या बिअरवाल्यांचा दावा आधीचा आहे. आर्थर लिंग या रसायनज्ञाने १९०८ साली ब्रुअर मंडळींपुढे माल्टविषयी बोलताना सांगितले होते की, भट्टीत माल्टला जो रंग चढतो तो साखर आणि अमिनो संयुगे यांच्या संयोगातून येतो. माल्टवाल्याला हे सुचणे साहजिक होते. सातूला मोड आणले की आतली पाचके स्टार्चची साखर करतात आणि प्रथिनांची अमिनो आम्ले. दोन्ही जिन्नस एकाच दाण्यात तयार. भट्टी मंद ठेवा, फिकी बिअर. तापवा, काळी बिअर. पण लिंगचे ते बोलणे धंद्यातल्या निरीक्षणापुरते राहिले. मायारने साखर बदलून, अमिनो आम्ल बदलून, वायू पकडून क्रम लावला. नाव त्याचे लागले ते या पद्धतशीरपणामुळे, आणि माझ्या मते रास्त लागले.

पुढची तीसएक वर्षे तशी थंडच गेली. त्यातली एकच गोष्ट इथे सांगायला हवी. १९२५ च्या सुमारास मारिओ अमादोरी या इटालियन रसायनज्ञाला ग्लुकोज आणि एका अमाइनपासून दोन वेगवेगळे पदार्थ मिळाले, सूत्र तेच पण स्वभाव निराळे. एक चटकन सुटणारा, दुसरा टिकाऊ. साखर आणि नायट्रोजन यांची पहिली गाठ सैल असते, ती उलटू शकते. पण मग साखरेतले अणू जागच्या जागी सरकतात आणि गाठ घट्ट होते. १९३७ साली हायडेलबर्गच्या रिचर्ड कून आणि वायगांड यांनी या सरकण्याला अमादोरीचे नाव दिले. टिकाऊ पदार्थ अजून बिनरंगी असतो. म्हणजे तपकिरी रंग डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी काम सुरू झालेले असते. ही गोष्ट पुढे फार महागात पडणार होती.

दुसऱ्या महायुद्धाने हा विषय प्रयोगशाळेतून उचलून गोदामात नेऊन टाकला. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत असताना अन्नातले पाणी जहाजातून वाहून नेणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून सगळे वाळवायचे: अंडी, दूध, बटाटे, कोबी, गाजर. १९४२ पासून ब्रिटनच्या घराघरांत अमेरिकेहून आलेल्या सुक्या अंड्यांचे डबे पोहोचू लागले. एका डब्यात डझनभर अंड्यांची पूड. हेच डबे सैन्याबरोबर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर गेले. आणि तिथे, गोदामात पडल्या पडल्या, पूड तपकिरी होऊ लागली. कुठे विस्तव नाही, कढई नाही. जीवाणूही नव्हते, कोरड्या पुडीत ते वाढत नाहीत. तरी पूड पाण्यात विरघळेना, आणि चव अशी की उपाशी शिपाईसुद्धा नाक मुरडेल.

अंड्यात साखर कुठून आली, असे कोणालाही वाटेल. पांढऱ्या भागात ग्लुकोज असते, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण पाणी उडाले की उरलेल्या पुडीत तिचे प्रमाण तीन टक्क्यांच्या घरात जाते, आणि तिच्या शेजारी प्रथिनांखेरीज दुसरे जवळजवळ काही नसते. इथे एक मजेची गोष्ट उघड झाली. युद्धापूर्वी जगाला अंड्याचा सुका पांढरा भाग पुरवत होते ते चीनमधले कारखाने. ते पांढरा भाग वाळवण्याआधी काही दिवस आंबू देत. पाश्चात्त्य कारखानदारांना ही गलिच्छ, मागासलेली रीत वाटे. अमेरिकेतल्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळले की आंबवताना जीवाणू ग्लुकोज खाऊन टाकतात. साखरच नाही तर तपकिरी रंग येणार कशाने? चिनी माल टिकत होता तो याच रीतीमुळे. मग यीस्ट घालून, पुढे ग्लुकोज नष्ट करणारे पाचक घालून, हीच युक्ती स्वच्छ कपड्यांत पुन्हा अवतरली.

दुधाच्या पुडीचे दुखणे जास्त छुपे होते. दुधात लॅक्टोज भरपूर, आणि केसिन या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला नायट्रोजनचे एक जादा टोक मोकळे असते. लॅक्टोज नेमके तिथे जाऊन चिकटते. चिकटलेले लायसिन आतड्याला वापरता येत नाही. केंब्रिजच्या संशोधन केंद्रात ली आणि हॅनन यांनी युद्धानंतरच्या वर्षांत केसिन आणि ग्लुकोज घेऊन याचा कसून अभ्यास केला. पूड दिसायला पांढरी असली तरी लायसिन आधीच अडकून पडलेले असू शकते, हे त्या काळात स्पष्ट झाले. अमादोरीची बिनरंगी पायरी ती हीच. रंग पाहून माल पारखणाऱ्याला इथे काही करता येत नव्हते.

आणखी एक कोडे होते पाण्याचे. पातळ द्रावणात क्रिया रेंगाळते, कारण रेणू एकमेकांपासून दूर असतात. पूर्ण कोरड्या पुडीत ती थांबते, कारण रेणूंना हलताच येत नाही. मधे कुठेतरी, पूड हाताला कोरडी लागते पण हवेतली थोडी ओल तिने घेतलेली असते, तेव्हा क्रिया सगळ्यात जोरात चालते. ली आणि हॅनन यांना हा कळस साधारण सत्तर टक्के आर्द्रतेच्या आगेमागे दिसला. मुंबईच्या पावसाळी हवेतही हेच घडते, म्हणून दुधाच्या पुडीचा डबा उघडा राहू देऊ नये. ओलीचा हा हिशेब कळला की स्वयंपाकातल्या दोन गोष्टीही उलगडतात. पाणी असेपर्यंत पदार्थ शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून उकडलेला बटाटा पांढरा राहतो आणि तळलेल्याची फक्त कड रंगते. आणि बासुंदी शंभर अंशांवरच गुलाबी होते, कारण तासन्‌तास आटवताना लॅक्टोज आणि प्रथिने दाट होत एकमेकांजवळ येतात. तिथे वेळ उष्णतेची कसर भरून काढतो.

सैन्याने तात्पुरती डागडुजी केली. सुक्या भाज्यांना सल्फाइट चोळले. ते साखरेच्या टोकाला आधीच पकडून ठेवते. पण प्रत्येक मालासाठी वेगळा तोडगा काढत बसण्यापेक्षा मुळात काय चालले आहे, हे कोणीतरी नीट मांडायला हवे होते.

ते मांडले जॉन हॉजने. १९१४ साली कॅन्सस सिटीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय रसायनज्ञ कॅन्सस विद्यापीठात शिकला, क्विंडारोच्या वेस्टर्न युनिव्हर्सिटी या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात त्याने शिकवले, आणि १९४१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. पेनिसिलिनचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर कसे करायचे, याचा मार्ग युद्धकाळात ज्या प्रयोगशाळेत सापडला, तीच ही. हॉजच्या वाट्याला आले होते मक्यातली साखर आणि तिचा तपकिरी उपद्रव. कृष्णवर्णीय माणसाला ज्या देशात अजून कित्येक उपाहारगृहांत शिरता येत नव्हते, तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत बसून तो अख्ख्या जगाच्या अन्नाचा एक प्रश्न सोडवत होता.

१९५३ साली ‘जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल अँड फूड केमिस्ट्री’च्या पहिल्याच खंडात त्याचा सोळा पानी लेख आला. विषय, वाळवलेल्या अन्नातले तपकिरी होणे. त्याने नवा स्फोटक प्रयोग केला नव्हता. चाळीस वर्षांतले विखुरलेले शेकडो शोध त्याने एका आकृतीत बसवले. ती आकृती मुंबईच्या लोकलच्या नकाशासारखी आहे: साखर आणि अमिनो संयुग एका टोकाला गाडीत बसतात, अमादोरीच्या स्टेशनापर्यंत एकच मार्ग, आणि तिथून गाडी बदलून तीन दिशांना फाटे फुटतात, शेवटी सगळ्या गाड्या मेलॅनॉइडिनच्या यार्डात जाऊन उभ्या राहतात. वाटेवरच्या क्रियांना हॉजने ए पासून जी पर्यंत सात अक्षरे दिली आणि सगळ्याचे तीन टप्पे पाडले: बिनरंगी, फिकट पिवळा, गडद. या सातांतली ‘ई’ ही क्रिया १८६२ साली आडोल्फ स्ट्रेकरने वेगळ्याच संदर्भात पाहिलेली होती. अमिनो आम्ल आपला कार्बन डायऑक्साइड गमावून वासाच्या अल्डिहाइडमध्ये बदलते, ते इथेच. मायारच्या चंबूतल्या बुडबुड्यांचा पत्ता असा लागला.

सत्तर वर्षांत तपशिलाची भर पुष्कळ पडली, काही बाण वळले, तरी अन्नशास्त्राच्या वर्गात आजही फळ्यावर काढतात ती हॉजची आकृती. नाव मात्र मायारचे. हॉजचे नाव विषयाबाहेरच्या किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे. विज्ञानात प्रथम पाहणाऱ्याला मान मिळतो, नकाशा काढणाऱ्याला तळटीप. मला हा न्याय पटत नाही, पण तो बदलण्याची चिन्हेही दिसत नाहीत.

एकदा नकाशा हाती आल्यावर रंग टाळण्याच्या पलीकडे बघणे सोपे झाले. स्ट्रेकरच्या फाट्यावर भाजण्याचे सगळे वास उभे होते. १९६० साली युनिलिव्हरच्या रसायनज्ञांनी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल रायबोज साखरेबरोबर तापवून मांसाचा वास तयार करण्याचे पेटंट घेतले. मांसाशिवाय मांसाचा वास. सूपच्या पाकिटांचा आणि नूडल्सच्या मसाल्यांचा एक मोठा धंदा या वाटेने वाढला. त्याची कहाणी स्वतंत्र आहे.

मायारच्या यादीतली पहिली बाब, शरीर आणि रोग, अजून तशीच होती. ती खरी ठरली तेहरानमध्ये. १९६०च्या दशकात सामुएल राहबर तिथल्या विद्यापीठात हिमोग्लोबिनचे दुर्मीळ प्रकार शोधत होता. जेलच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून वीज सोडायची, की हिमोग्लोबिनचे प्रकार आपापल्या वेगाने सरकतात. शेकडो नमुने पाहिल्यावर दोन रक्तांत एक अनोळखी पट्टा वेगळा सरकलेला दिसला. दोन्ही माणसे मधुमेही निघाली. राहबरने मग मुद्दाम मधुमेहींचे रक्त गोळा केले, आणि तोच पट्टा पुन्हा पुन्हा दिसला. १९६८ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत बुकचिन आणि गॅलप यांनी दाखवले की या पट्ट्यातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या टोकाला साखर चिकटलेली असते. रचना तपासली तेव्हा ती चक्क अमादोरीची गाठ निघाली.

तापवायला काही नाही; शरीराचे तापमान सदतीस अंश. पण मायारच्या क्रियेला उष्णता नसली तर वेळ चालतो, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढे दिवस ती ग्लुकोजमध्ये भिजत फिरते. रक्तात साखर जितकी जास्त, तितके हिमोग्लोबिन जास्त माखलेले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कोनिग, सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवले की मधुमेह आटोक्यात आणला की हा आकडा आठवड्यांच्या गतीने खाली येतो. आज चिपळूण-सांगलीच्या पॅथॉलॉजी लॅबमधूनही ज्याचा रिपोर्ट येतो ती ‘एचबीएवनसी’ तपासणी, ‘तीन महिन्यांची शुगर’, ती हीच. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० साली साडेसहा टक्के किंवा त्याहून जास्त आकडा हा मधुमेहाच्या निदानाचा निकष म्हणून मान्य केला. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड न खाऊन या आकड्याला फसवता येत नाही, याचे कारण रसायनात आहे. हिमोग्लोबिन काही महिन्यांनी नवे येते, पण डोळ्याच्या भिंगातली प्रथिने जन्मभर तीच राहतात. वय वाढते तसे भिंग पिवळे, तपकिरी होत जाते, त्यात या क्रियेचा वाटा आहे.

या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७९ साली स्वीडनमधल्या उद्देवाला इथे भरली. पुढचा धक्काही स्वीडनमधूनच यायचा होता. १९९७ साली दक्षिण स्वीडनमध्ये हालांड्सोस या डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणताना पाणी झिरपू लागले. ते थोपवायला वापरलेल्या रसायनातून ॲक्रिलामाइड ओढ्यात उतरले. मासे मेले, ओढ्याचे पाणी प्यायलेल्या गायींचे पाय लुळे पडले. कामगारांना किती विषबाधा झाली ते पाहण्यासाठी स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेटा टोर्नक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेले ॲक्रिलामाइड मोजले. तुलनेसाठी घेतलेल्या, बोगद्याचे तोंडही न पाहिलेल्या लोकांच्या रक्तातही ते सापडले. रानातल्या प्राण्यांत मात्र जवळजवळ नाही. रानातले प्राणी काय करत नाहीत? तळत नाहीत, भाजत नाहीत.

२४ एप्रिल २००२ रोजी स्वीडिश अन्नखात्याने पत्रकार बोलावून सांगितले की, चिप्स, तळलेले बटाटे, कुरकुरीत भाजलेला पाव यांत ॲक्रिलामाइड आहे, उकडलेल्यात नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ‘नेचर’मध्ये दोन गटांनी कारण दिले. ॲस्पराजिन हे अमिनो आम्ल साखरेबरोबर तापले की मायारच्या वाटेवरच ॲक्रिलामाइड तयार होते, आणि बटाट्यात ॲस्पराजिन भरपूर असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून हे रसायन १९९४ पासूनच ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता बरीच’ या यादीत होते. खाल्ल्याने माणसात कर्करोग वाढतो असे सिद्ध करणारा नि:संशय पुरावा अजून मिळालेला नाही, तरी युरोपीय संघाने २०१७ साली कारखान्यांसाठी प्रमाण कमी ठेवण्याचे नियम संमत केले.

बटाट्याच्या धंद्याला तपकिरी रंगाची भीती याच्या आधीपासून होती, निराळ्या कारणाने. शीतगृहातल्या गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. म्हणून शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो आणि त्याचे वेफर्स तळताना काळे, कडू पडतात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली कुफरी चिपसोना-१ आणि चिपसोना-२ हे वाण दिले ते चिप्सच्या फिकट रंगासाठी, साखर कमी असलेले. ॲक्रिलामाइडची बातमी यायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता; पण साखर कमी म्हणजे तेही कमी, असा तो लाभ आयताच पदरात पडला.

मायारच्या यादीत मातीचे कलम उरले. शेतातल्या मातीला काळा रंग देणारा ह्यूमस साखर आणि अमिनो आम्लांच्या संयोगातून बनत असावा, हे त्याचे अनुमान मृदाशास्त्राच्या पुस्तकांत इतर तीन उपपत्तींच्या बरोबरीने कित्येक दशके छापले गेले. २०१५ साली लेहमन आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये त्या सगळ्याच उपपत्तींच्या पायावर बोट ठेवले: अल्कली टाकून मातीतून जे काळे पदार्थ काढले जातात, ते जमिनीत तशाच रूपात असतात याला पुरावा नाही, तिथे असतात ते वनस्पती आणि सूक्ष्मजीवांचे, कुजत जाणारे, लहान होत जाणारे तुकडे. जुन्या मताच्या मृदाशास्त्रज्ञांनी लगेच उत्तरे दिली, आणि तो वाद अजून चालू आहे.